सत्त्याण्णवला थांबणारी शंका

सीरममध्ये सिरॅमिकचे नॅनोकण मोजून टाकायचे, मग तेच कण पुन्हा बाहेर काढायचे आणि टाकलेल्यांपैकी किती हाती लागले ते टक्क्यांत सांगायचे. प्रयोगशाळेत याला रिकव्हरी म्हणतात. बाहेरच्या माणसाला हा रिकामपणचा उद्योग वाटतो. आपणच टाकलेले आपणच शोधायचे, यात शोध कसला? मला मात्र आजवर वाटत आले की माझ्या सगळ्या कामात लबाडीला जागा नसलेली गोष्ट ही एकच आहे. एरवी नमुन्यात किती कण आहेत हे कोणालाच ठाऊक नसते. मी सांगेन तो आकडा. इथे बाटलीत किती गेले ते वहीत आधीच लिहिलेले असते, त्यामुळे पळवाट उरत नाही. हा समज कितपत खरा आहे, हे स्वतःलाच एकदा नीट विचारायचे आहे.

काम कशासाठी चालते ते आधी सांगते. खुब्याचा सांधा निकामी झाला की शस्त्रक्रियेने बदलतात. मांडीच्या हाडात बसवलेल्या दांड्यावर एक गोळा, आणि तो फिरायला कमरेच्या हाडात बसवलेली वाटी. हे दोन भाग पुढे वर्षानुवर्षे एकमेकांवर घासत राहतात. पिएर बुतँ या फ्रेंच शल्यविशारदाने १९७० साली फ्रान्समधल्या पो शहरात गोळा आणि वाटी दोन्ही ॲल्युमिनाचे बसवले. ॲल्युमिना म्हणजे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. अतिशय कठीण, आणि घासूनपुसून आरशासारखे गुळगुळीत करता येणारे सिरॅमिक. पुढे झिरकोनिया मिसळलेले ॲल्युमिना आले, सिलिकॉन नायट्राइडवर काम सुरू झाले. प्लास्टिकच्या वाटीच्या मानाने सिरॅमिकची झीज फारच थोडी. म्हणून ज्या रुग्णाला नव्या सांध्यावर अजून तीस-चाळीस वर्षे काढायची आहेत, त्याच्यासाठी डॉक्टर याचा विचार करतात.

माणसात बसवण्याआधी सांधा यंत्रावर घासून पाहतात. आयएसओ १४२४२ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तापमान ३७ अंश सेल्सिअस, सेकंदाला एक फेरी, एकूण ५० लाख फेऱ्या. यंत्र अखंड चालले तरी यात जवळजवळ ५८ दिवस जातात. वंगण म्हणून पाणी घालून पातळ केलेले वासराचे सीरम, लिटरमागे ३० ग्रॅम प्रथिने असलेले. ठरावीक फेऱ्यांनंतर, बहुधा दर पाच लाखांनी, वंगण बदलतात आणि जुने गोठवून ठेवतात. झिजून निघालेले कण त्यातच असतात. ते माझ्याकडे येते.

त्यात कण किती असतील? चांगल्या सिरॅमिक सांध्याची झीज दहा लाख फेऱ्यांमागे ०.१ घन मिलिमीटर धरू. पाच लाख फेऱ्यांत ०.०५ घन मिलिमीटर, म्हणजे वजनाने सुमारे ०.२ मिलिग्रॅम. वंगण अर्धा लिटर असेल तर त्यात प्रथिने १५ ग्रॅम. मला हवे असलेल्या मालाच्या पंच्याहत्तर हजार पट नको असलेला माल, आणि तोही चिकट. एवढी कमी झीज सांध्याचे वजन करून मोजायला गेले तर ती वजनकाट्याच्या अनिश्चिततेत बुडण्याच्या बेतात असते. म्हणून कणांची साक्ष महत्त्वाची.

आणि इथेच माझ्या कामातली खरी अडचण आहे. माझ्या पद्धतीत हरवलेला प्रत्येक कण सांध्याच्या खात्यात चांगुलपणा म्हणून जमा होतो. अर्धे कण ट्यूबच्या भिंतीला चिकटून राहिले तर सांधा अर्धाच झिजल्यासारखा दिसतो. बारीक कण फिल्टरमधून निसटले तर सांध्यातून बारीक कण निघतच नाहीत असे चित्र उभे राहते. माझा ढिसाळपणा आणि कारखानदाराचे कौशल्य, दोन्ही अहवालात अगदी सारखे दिसतात. इतर अनेक चाचण्यांत चूक कधी या बाजूला पडते, कधी त्या. कण वेगळे काढण्याच्या कामात हरवणे जितके सोपे आहे तितके जास्तीचे सापडणे सोपे नाही, त्यामुळे तागडी आधीपासूनच एका बाजूला झुकलेली असते.

धातूच्या सांध्यांचे असे नव्हते. एका बहुराष्ट्रीय कंपनीने २०१० साली धातूवर धातू घासणारा खुब्याचा सांधा जगभरातून परत मागवला. भारतातही हजारो रुग्णांना तो बसवलेला होता. पण त्या धातूतले कोबाल्ट आणि क्रोमियम विरघळून रक्तात येतात. रक्त तपासले की कळते. ब्रिटनच्या नियामक संस्थेने त्याच वर्षी रक्तात अब्जात सात भाग ही सावध होण्याची पातळी ठरवून दिली. ॲल्युमिना शरीरात जवळजवळ विरघळत नाही. त्याचा कण जिथे जाऊन बसेल तिथे बसतो आणि रक्ताच्या तपासणीत सहसा उमटत नाही. यंत्रावरच्या चाचणीत जो कण मला दिसला नाही, तो पुढे रुग्णाच्या रक्तात कोणाला दिसेल अशी आशा ठेवता येत नाही.

पद्धत थोडक्यात अशी. आधी सीरममधली प्रथिने प्रोटिनेज के नावाच्या एन्झाइमने पचवायची. तीव्र आम्ल किंवा अल्कली घातले तर पचन झटपट होते, पण काही सिरॅमिकचा पृष्ठभागही त्यात खाल्ला जातो, आणि जो कण मोजायचा तोच बदलून जातो. एन्झाइम सावकाश पण कणाला न दुखवता काम करते. नंतर सोडियम पॉलिटंग्स्टेटच्या द्रावणाचे थर ट्यूबमध्ये एकावर एक चढवायचे. खाली जड, वर हलके. हा क्षार पाण्यात विरघळवून द्रावणाची घनता पाण्याच्या तिपटीपर्यंत नेता येते. वर नमुना ठेवायचा आणि ट्यूब अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये तासन्‌तास फिरवायची. प्रथिनांच्या तुकड्यांची घनता १.३५ च्या आसपास, ते वरच अडकतात. ॲल्युमिनाची ३.९५ च्या आसपास, ते तळाशी जाते. लीड्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली सिलिकॉन नायट्राइडच्या नॅनोकणांवर याच धर्तीची पद्धत तपासून प्रसिद्ध केली. शेवटी कण धुऊन १५ नॅनोमीटर छिद्रांच्या पॉलिकार्बोनेट फिल्टरवर घ्यायचे आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे.

यातली एक पायरी जरा जवळून पाहू. शरीराच्या पीएचला ॲल्युमिनाच्या पृष्ठभागावर धन प्रभार असतो, सीरममधल्या अल्ब्युमिन या प्रथिनावर ऋण. कण सीरममध्ये पडताक्षणी त्याच्यावर प्रथिनांचे आवरण चढते. समजा हे आवरण पाच नॅनोमीटर जाड आहे. दोन मायक्रोमीटरच्या कणाला त्याने काही फरक पडत नाही. पण २४ नॅनोमीटरच्या कणाचे आकारमान त्याने जवळजवळ तिप्पट होते आणि एकूण घनता ३.९५ वरून २.३ च्या खाली येते. पचन अपुरे राहिले तर हा कण जड थराच्या वरच तरंगतो, आणि मी तो थर प्रथिनांचा गाळ समजून ओतून देते. २४ हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. लीड्सच्याच एका गटाने २००२ साली, सांधा पुन्हा बदलावा लागलेल्या रुग्णांच्या ऊतींत ॲल्युमिनाचे कण पाहिले तेव्हा बारीक कण ५ ते ९० नॅनोमीटरचे, सरासरीने २४ नॅनोमीटरचे निघाले. त्यांच्या जोडीला तीन मायक्रोमीटरपर्यंतचे मोठे कणही होते. म्हणजे पद्धत जिथे सर्वात कमजोर आहे, नेमके त्याच मापाचे कण माणसाच्या शरीरात सापडले आहेत.

आता टक्क्याकडे येऊ. टक्का कशाचा? दोन मायक्रोमीटरच्या एका कणाच्या आकारमानात २४ नॅनोमीटरचे सुमारे पाच लाख ऐंशी हजार कण बसतात. समजा एखाद्या नमुन्यात ९५ टक्के वजन मोठ्या कणांचे आणि ५ टक्के बारीक कणांचे आहे. बारीक कण झाडून सगळे हरवले, एकही उरला नाही, तरी वजनाच्या हिशेबाने माझी रिकव्हरी ९५ टक्के. संख्येच्या हिशेबाने हाती लागला तो तीस हजारांत एक कण. पेशी कणांना कसा प्रतिसाद देतात हे कणाच्या आकारावर, संख्येवर आणि एकूण आकारमानावर अवलंबून असते. नुसत्या वजनावरून ते सांगता येत नाही.

मग अहवालात मी कोणता टक्का लिहिते? वजनाचा. का, असे कोणी विचारले तर माझ्याकडे दोन कारणे तयार असतात: तो मोजायला सोपा आहे, आणि पुन्हा मोजला तरी जवळपास तोच येतो. दोन्ही कारणे खरी आहेत. तिसरे कारण मी कधी कोणाला सांगत नाही. तो देखणा असतो. ‘९५’ लिहिलेल्या ओळीखाली ‘संख्येच्या हिशेबाने अनिश्चित’ अशी ओळ लिहिली की पहिल्या ओळीचा रुबाब जातो. खरी कारणे पुढे करून त्यांच्या आड सोयीचे कारण बसवायचे, ही सवय मला स्वतःत स्पष्ट दिसते. यात खोटे असे काही नसते, म्हणून ती कोणी पकडू शकत नाही, आणि म्हणूनच तिच्यावर माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाचा पहारा असू शकत नाही.

याहून खोल एक सवय आहे. माझ्या हाताखाली काम करणारी मुले आकडा घेऊन येतात.

“मॅडम, बासष्ट आलंय.”

“पिपेट कधी कॅलिब्रेट केली होती? ट्यूब नीट खंगाळलीस? एन्झाइम जुनं तर नाही ना? परत लाव.”

आणि दुसऱ्या दिवशी, “मॅडम, सत्त्याण्णव.”

“छान. फाइलला लाव.”

बासष्टवर मी चार प्रश्न विचारते, सत्त्याण्णववर एकही नाही. पण सत्त्याण्णवही चुकीच्या वाटेने येऊ शकतो. पुरेसे न धुतलेले पॉलिटंग्स्टेट फिल्टरवर राहिले तर वजन वाढते. टंग्स्टन काही हलका नव्हे. एकीकडे कण गळाले आणि दुसरीकडे क्षार उरला की दोन चुका एकमेकींना झाकतात आणि काट्यावर देखणा आकडा उभा राहतो. त्या फिल्टरवर नुसते वजन न करता कोणती मूलद्रव्ये आहेत हे पाहिले तर पाच मिनिटांत कळेल. पण ते पाहावेसे वाटायला मनात शंका उठावी लागते, आणि माझी शंका सत्त्याण्णवला येऊन थांबते. म्हणजे मी शंका घेते ती आकडा कसा आला यावर नव्हे, तो मला रुचला की नाही यावर. विज्ञानात संशयी स्वभाव हा गुण मानतात. नावडत्या आकड्यापुरताच जागा होणारा संशय गुणात कसा मोडेल?

मुले हे सगळे पाहतात. कुठला आकडा आणला की मॅडमचा चेहरा उजळतो हे त्यांना महिन्याभरात कळते. मी त्यांना आकडा बदलायला सांगणार नाही, ती बदलणारही नाहीत. पण कुठे थांबायचे आणि कुठे खोदत राहायचे, हे ती माझ्या चेहऱ्यावरून शिकतात. ही शिकवण कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेली नसते आणि तिची परीक्षाही होत नाही.

मग कधी एकशे आठ येतो. टाकले त्यापेक्षा जास्त सापडले! आपल्याला थांबवण्यासाठी निसर्गाने याहून सरळ खूण ती काय करावी? जास्तीचे आठ कुठून आले याची उत्तरे प्रयोगशाळेतच पडलेली असतात. कण सुटे करायला वापरतो त्या अल्ट्रासॉनिक प्रोबचे टोक टायटॅनियमचे असते आणि चालताना स्वतःच झिजून द्रवात टायटॅनियम सोडते. टायटॅनियाची, म्हणजे टायटॅनियमच्या ऑक्साइडची, रिकव्हरी पाहताना हा पाहुणा घरचाच समजला जातो. बोरोसिलिकेट काचेत ॲल्युमिना असते. हवेतल्या धुळीत सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम दोन्ही भरपूर. मूलद्रव्य मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सिलिकॉनच्या २८ या वस्तुमानावर नायट्रोजनचा रेणूही हजेरी लावतो. यावर उपाय म्हणजे ब्लँक: कण न टाकता तेच सीरम त्याच सगळ्या पायऱ्यांतून नेणे. ब्लँक मी लावते. पण ब्लँकचे रिडिंग थोडे जास्त आले की ते वजा करून पुढे जाण्याची घाई होते, आणि एकशे आठ ‘मर्यादेत आहे’ असे म्हणून सुटतो.

मर्यादेचीही गंमत आहे. अमेरिकेच्या औषधकोशात औषधांमधल्या मूलद्रव्य-अशुद्धींच्या चाचणीसाठी स्पाइक रिकव्हरी, म्हणजे मुद्दाम टाकलेल्या मालाची रिकव्हरी, ७० ते १५० टक्क्यांच्या दरम्यान असली तर चालते. तिथल्या औषध प्रशासनाची २०१८ ची मार्गदर्शिका रक्तातली औषधे मोजण्याबाबत सांगते की रिकव्हरी शंभर टक्के असायलाच हवी असे नाही. ती एकसारखी आणि पुन्हा पुन्हा तशीच यायला हवी. हे नियम विरघळलेल्या पदार्थांचा विचार करून झालेले आहेत, कणांना ते जसेच्या तसे लागू पडत नाहीत. तरी त्यांतला शहाणपणा घेण्याजोगा आहे. दर वेळी बासष्ट देणारी पद्धत, कधी ऐंशी तर कधी एकशे दहा देणाऱ्या पद्धतीपेक्षा जास्त भरवशाची. यातला दुसरा नियम एकसारखा येणारा बासष्ट चालवून घ्यायला तयार आहे. सत्त्याण्णवचा हट्ट माझा आहे, आणि त्यामागे रुग्णाचे हित शोधू गेले तर सापडत नाही. सापडतो तो ‘आमच्याकडे रिकव्हरी उत्तम येते’ असे चारचौघांत सांगण्याचा मोह.

उरलेल्या अडतीस टक्क्यांचे काय होते? घरखर्चाच्या वहीत महिनाअखेर मेळ बसला नाही की ‘किरकोळ’ नावाचा रकाना घालतात, तसा आमचा एक रकाना आहे: हाताळणीतली तूट. तो शब्द लिहिला की प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. खरे तर तूट कुठेतरी बसलेली असते. ओतून दिलेल्या वरच्या थरात, ट्यूबच्या भिंतीवर, पिपेटच्या टिपमध्ये, फिल्टरखालच्या पाण्यात. प्रत्येक जागा वेगळी मोजून सगळ्यांची बेरीज शंभरच्या जवळ येते का हे पाहता येते. तसे केल्यावर बासष्टही इमानदार आकडा ठरतो, कारण बाकीचे अडतीस कुठे आहेत ते दाखवता येते. बेरीज न करता आलेल्या सत्त्याण्णवला तो मान नाही. हे काम वेळखाऊ आहे, त्यातून मिरवण्यासारखे काही निघत नाही, आणि हरवलेल्या मालाचा पत्ता अहवालात कोणी मागत नाही.

आतापर्यंत अंशाचे झाले, आता छेदाचे पाहू. रिकव्हरी हा अपूर्णांक आहे. वर सापडलेले, खाली टाकलेले. वरच्या संख्येसाठी आम्ही जिवाचे रान करतो आणि खालची बाटलीवरच्या लेबलावरून उतरवून घेतो. सिरॅमिकची नॅनोपावडर द्रवात सुटी राहत नाही. तिचे गठ्ठे होतात आणि ते खाली बसतात. बाटली हलवल्यापासून पिपेट भरेपर्यंतच्या वेळात वरचा आणि खालचा भाग वेगळा झालेला असू शकतो. टाकले किती हेच जिथे डळमळीत, तिथे सापडले किती याला दशांशापर्यंत किंमत देणे हास्यास्पद आहे.

याच्याच पुढचा एक सापळा आहे. भाजून घट्ट केलेले ॲल्युमिना नायट्रिक आम्लात विरघळत नाही. झिरकोनियाला हायड्रोफ्लुओरिक आम्लासारखे जालीम काहीतरी लागते, आणि ते हाताळायला कोणी राजी नसते. आता मास स्पेक्ट्रोमीटरची खात्री करायची म्हणून सीरममध्ये कणांऐवजी ॲल्युमिनियमचे विरघळलेले स्टँडर्ड टाकले, तर रिकव्हरी शंभराच्या घरात येते. उपकरण उत्तम, सीरमचा अडथळा नाही, सगळे सुरळीत. पण खऱ्या नमुन्यातले कण त्याच नायट्रिक आम्लात न विरघळता भांड्याच्या तळाशी तसेच पडून राहतात. चाचणी जे विचारते त्याचे उत्तर बरोबर असते. आपल्याला विचारायचे होते ते वेगळे. मी प्रश्न निवडताना सोपा प्रश्न निवडते का? बहुतेक वेळा होय, आणि त्याला ‘प्रमाणित पद्धत’ हे नाव मिळाले की माझे मन निर्धास्त होते.

स्पाइकचेही तेच. बाजारातून आणलेली स्वच्छ पावडर, तीही सढळ हाताने, वेगळे काढायच्या अर्धा तास आधी टाकलेली. याउलट सांध्यातून झिजलेला कण तुटक्या कडांचा, ३७ अंशांना दिवसेंदिवस सीरममध्ये घुसळलेला, प्रथिनांनी पुरता माखलेला, मग गोठवून पुन्हा वितळवलेला. पहिल्याची रिकव्हरी काढून ती दुसऱ्याला लावणे म्हणजे अनुमान आहे, मोजमाप नव्हे. आणि त्याहून पुढे जाऊन, बासष्ट टक्के रिकव्हरी आहे म्हणून सापडलेल्या आकड्याला ०.६२ ने भागायचे आणि ‘दुरुस्त’ आकडा छापायचा, हा रिवाज तर मला अधिकच खटकतो. भागाकाराने हरवलेले कण परत येत नाहीत. त्यांची मापे, त्यांचे आकार गेलेलेच असतात. सापडलेल्या मोठ्या कणांच्या तोंडवळ्याची माणसे त्या रिकाम्या जागी बसवली जातात.

सूक्ष्मदर्शकासमोर बसल्यावर आणखी एक कसोटी लागते. फिल्टरचा कुठला भाग पाहायचा? ठिपके सुटे, कडा रेखीव, असा भाग दिसला की हात आपोआप तिथे थांबतो. जिथे कणांचे गठ्ठे आहेत, प्रथिनांचा पडदा राहिलेला आहे, तो भाग ‘मोजण्यालायक नाही’ म्हणून सुटतो. पण तो पडदा हाच तर पचन अपुरे झाल्याचा पुरावा. पाहायच्या जागा आधीच यदृच्छेने ठरवून ठेवल्या आणि नशिबी आलेली प्रत्येक जागा मोजली, तर प्रकाशनात घालायला सुंदर छायाचित्र मिळेलच असे नाही. मला सुंदर छायाचित्र आवडते. त्या आवडीची किंमत कोण देते, हा प्रश्न मी फोटो काढताना विचारत नाही.

या सगळ्यात सीरम हा शब्द मी वंगण या अर्थाने किती सहज वापरते! ते वासराचे रक्त आहे. कत्तलखान्यातून निघून, गाळून, गोठवून, लॉट नंबर घेऊन आमच्या फ्रीजरमध्ये येते. सांध्याची चाचणी करायला प्रथिने लागतात, नुसत्या पाण्यात सिरॅमिकची झीज खरी कळत नाही, हे मला पटलेले आहे आणि ते वापरणे मी थांबवणार नाही. पण मग एक कर्ज उरते. देखणा आकडा येईपर्यंत चाचणी पुन्हा पुन्हा लावायची आणि आधीचे निकाल खणात ठेवायचे, असे केले तर त्या जिवाचे रक्त माझ्या हौसेवर खर्च झाले. एकदा नीट आखून लावलेली आणि निकाल कसाही येवो तो जपून ठेवलेली चाचणी, एवढे तरी देणे लागते.

मला खोटे बोलायला कोणी सांगितलेले नाही. ग्राहक कंपनीचा माणूस फक्त विचारतो, “रिपोर्ट कधी मिळेल?” वरिष्ठ फक्त म्हणतात, “मेथड व्हॅलिडेट झाली का?” दोन्ही प्रश्न सभ्य आहेत. त्यांचे वजन माझ्यावर पडते ते मी आधीच त्यांच्या बाजूला झुकलेली असते म्हणून. दबावाचे नाव घेऊन सुटका करून घेणे सोपे आहे. पण सत्त्याण्णववर ‘छान’ म्हणताना खोलीत ग्राहकही नसतो आणि वरिष्ठही नसतात.

इथे माझा पहिला समज कोसळतो. उत्तर आधी ठाऊक असल्यामुळे या चाचणीत लबाडीला वाव नाही असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात उत्तर आधी ठाऊक असल्यामुळेच कुठे थांबायचे हे मला कळते. मी मुद्दाम काही करत नाही. आकडा ओळखीच्या जागी आला की शोध संपतो, इतकेच. यावर उपाय जुनाच आहे आणि साधा आहे. किती कण टाकले हे मला ठाऊक नसावे. स्पाइक दुसऱ्याने तयार करावा, काही ट्यूबमध्ये काहीच टाकू नये, आकडे लिफाफ्यात बंद करून ठेवावेत आणि माझे उत्तर शाईने लिहून झाल्यावरच लिफाफा उघडावा. आमच्याकडे आता असे सुरू केले आहे. मोजताना हात पूर्वीइतके निःशंक राहत नाहीत. कुठे थांबावे ते कळत नाही, म्हणून प्रत्येक नमुन्याला सारखेच प्रश्न विचारावे लागतात. रिकव्हरीचे आकडे पूर्वीपेक्षा विस्कटलेले दिसतात. मुलांना याचे वाईट वाटते आणि, खरे सांगायचे तर, मलाही.

लिफाफ्याने सगळे सुटत नाही. त्यात लिहिलेला आकडा शेवटी पावडरचाच. झिजलेल्या कणाचा नव्हे. १५ नॅनोमीटरच्या छिद्रातून जे गेले ते गेलेच, आणि यंत्रावरच्या काही चाचण्यांत ॲल्युमिनाचे कण याहूनही लहान निघालेले आहेत. ही दरी आज तरी माझ्या हातून बुजणारी नाही. मला करता येण्यासारखे आहे ते एवढेच, की ही दरी परिशिष्टात न ढकलता अहवालाच्या पहिल्या पानावर आणायची: रिकव्हरी वजनाची आहे, ती अमुक पावडरवर काढलेली आहे, इतक्या मापाखालचे कण या पद्धतीने पाहिलेले नाहीत, आणि हरवलेल्यांपैकी एवढ्यांचा पत्ता लागला, एवढ्यांचा नाही. कारण हा अहवाल शेवटी ज्याच्या उपयोगाचा, तो मला भेटणार नाही. पंचेचाळिशीच्या एखाद्या माणसाला कुठला सांधा बसवावा हे ठरवणारा डॉक्टर फार तर सारांश वाचेल, आणि तो माणूस तेवढेही वाचणार नाही. त्याला माझ्या पद्धतीच्या कौतुकाची गरज नाही. माझ्या आकड्यावर किती भार टाकता येईल हे त्याच्या डॉक्टरला कळले पाहिजे. पहिल्या पानावरच्या त्या चार ओळींमुळे आमची प्रयोगशाळा शेजारच्यापेक्षा कमी दिसेल, काही कामे तिकडे जातीलही. ते नुकसान सोसायची माझी तयारी आहे का? आज आहे. पुढचा सत्त्याण्णव समोर आल्यावर ती टिकते का, ते त्या दिवशी मी कोणता प्रश्न विचारते त्यावरून कळेल.